कादंबरी संपली, खेळ सुरू झाला

पोलंडमध्ये वूच नावाचे शहर आहे. एके काळी ते कापडगिरण्यांसाठी ओळखले जाई, त्यामुळे मुंबईच्या गिरणगावाजवळ वाढलेल्या माझ्यासारख्याला ते नकाशावर पाहूनही जवळचे वाटते. या शहरात १९४८ साली जन्मलेले आंजेय सापकोव्स्की हे अर्थशास्त्राचे पदवीधर. परदेश व्यापार करणाऱ्या एका संस्थेत विक्री प्रतिनिधी म्हणून ते फरचे, म्हणजे केसाळ कातड्यांचे, व्यवहार सांभाळीत. जोडीला विज्ञानकथांची भाषांतरे करीत. 'फान्तास्तिका' नावाच्या मासिकाने कथास्पर्धा जाहीर केली तेव्हा त्यांनी एक कथा पाठवली. ती १९८६ च्या डिसेंबरच्या अंकात छापून आली आणि स्पर्धेत तिला तिसरे बक्षीस मिळाले. अडतिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला तिसरे बक्षीसही किती मोठे वाटते, हे मी जाणतो. दिवसभर कर्जाची प्रकरणे निकालात काढून रात्री कादंबरीचे पान लिहायला बसणाऱ्या माणसाचा हा जातभाईच म्हणायचा.

त्या कथेचा नायक गेराल्ट. आज तो जगभर 'द विचर' या नावाने ओळखला जातो. मौज अशी, की त्याला ओळखणाऱ्या बहुतेकांनी तो प्रथम पुस्तकात पाहिलेला नाही. तो त्यांना भेटला संगणकाच्या पडद्यावर. त्याच्यावरचा तिसरा व्हिडिओ गेम २०१५ साली आला आणि मे २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. एवढे वाचक एका कादंबरीला मिळाले तर लेखक हर्षाने वेडा होईल. सापकोव्स्की वेडे झाले नाहीत. ते चिडले. त्यांच्या चिडण्यात तथ्य किती, खेळ करणाऱ्यांचे श्रेय किती, आणि घरातल्या तरुण मुलाने पुस्तक वाचण्याऐवजी त्याच गोष्टीचा खेळ खेळला तर त्याचे काय हरवते व काय सापडते, याचा हिशेब आज मांडावा म्हणतो. हिशेब मांडण्याची सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

भुते मारण्याचा धंदा

पहिल्या कथेचा सांगाडा एका जुन्या पोलिश लोककथेचा आहे. राजाची मृत मुलगी रात्री शवपेटीतून उठते आणि दिसेल त्याला फाडून खाते. कोणी तिला रात्रभर पेटीबाहेर अडवून धरले, आणि तिसऱ्यांदा कोंबडा आरवला, तर ती पुन्हा माणूस होईल. अशा गोष्टी आपल्याकडेही आजीच्या तोंडून आपण ऐकलेल्या आहेत. पोलिश 'स्त्शिगा' म्हणजे आपल्या हडळीची, लावेची दूरची बहीण समजायला हरकत नाही. लोककथेत अशी कामगिरी एखादा गरीब, भाबडा तरुण फत्ते करतो आणि अर्धे राज्य मिळवतो.

सापकोव्स्कींचा सवाल साधा होता. चांभार उत्तम जोडे शिवतो, पण तो राक्षस कसा मारणार? विहीर खणायला विहिरी खणणारा लागतो, तसे भुते मारायला भुते मारणाराच लागेल. आणि धंदा म्हटला की दर आला, घासाघीस आली, काम झाल्यावर पैसे देताना गिऱ्हाइकाचे तोंड वाकडे होणेही आले. गेराल्ट हा असा व्यावसायिक. लहानपणीच घरापासून तुटलेल्या मुलांवर औषधांचे आणि विषांचे भयंकर प्रयोग करून 'विचर' घडवले जातात. बहुतेक मुले त्यातच मरतात. जी वाचतात त्यांचे डोळे मांजरासारखे होतात, त्यांना मूलबाळ होत नाही. गावाला ते हवे असतात, पण काम होईपर्यंतच. काम झाले की त्यांनी वेशीबाहेर निघून जावे, अशी सर्वांची इच्छा असते. विचरला पोलिश भाषेत 'व्येजमिन' म्हणतात. चेटकिणीसाठी त्या भाषेत जो शब्द आहे, त्याचेच हे पुरुषी रूप. म्हणजे आपला 'चेटक्या'.

पहिल्या कथेचा जम बसल्यावर आणखी कथा आल्या, त्यांचे संग्रह निघाले, आणि १९९४ ते १९९९ या काळात पाच कादंबऱ्यांची मालिका झाली. या मालिकेचे खरे सूत्र राक्षस मारण्याचे नाही. ते आहे बाप आणि मुलगी यांचे, आणि हे दोघे रक्ताचे नाहीत. गेराल्टने एकदा कुणाचा जीव वाचवला, तेव्हा मोबदला म्हणून, जुन्या रिवाजाप्रमाणे, 'तुझ्याकडे आहे पण तुला ठाऊक नाही ते मला दे' असे मागितले. ते निघाले पोटातले मूल. हीच ती सिरी, एका राज्याची वारस. गेराल्ट तिला स्वीकारायचे टाळत राहतो. पुढे युद्धात तिचे राज्य बेचिराख होते, आजी मरते, पोर रानोमाळ होते. मग गेराल्ट एका व्यापाऱ्याचा जीव वाचवतो, आणि 'घरी परतल्यावर जे अनपेक्षित दिसेल ते तुझे' असे वचन त्याला मिळते. व्यापारी घरी जातो तर त्याच्या बायकोने युद्धात अनाथ झालेली एक मुलगी सांभाळायला घेतलेली असते. ती सिरीच. हे पान वाचताना माझ्या घशात आवंढा आला, आणि हिशेब तपासणारे डोळे काही वेळ कामाला आले नाहीत.

सीडी विकणारी पोरे

आता दुसरी बाजू. १९९४ साली मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी वॉर्सामध्ये 'सीडी प्रोजेक्ट' नावाची कंपनी काढली. धंदा साधा: परदेशातून सीडींवरचे खेळ आणायचे आणि विकायचे. साम्यवाद नुकताच गेलेला, बाजारात नकली मालाचा सुळसुळाट. नकलीशी स्पर्धा करायची तर अस्सलात काही जास्त द्यायला हवे, हे त्यांनी ओळखले. 'बॉल्डर्स गेट' हा मोठा इंग्रजी खेळ त्यांनी १९९९ साली पोलिश भाषेत, नामवंत नटांचे आवाज घेऊन आणला आणि तो चांगला खपला. मग स्वतःचा खेळ करावा असे त्यांच्या मनाने घेतले. गोष्ट हाताशी होतीच. पोलंडच्या घराघरात गेराल्ट पोचलेला होता.

क्षणभर मी पुन्हा बँकेच्या खुर्चीत बसतो. समोर प्रस्ताव आला आहे. अर्जदार वितरक आहे. खेळ बनवण्याचा अनुभव शून्य. तारण म्हणून दाखवायला एका कादंबरीकाराचा करार. ज्या देशात हा खेळ होणार, तिथे एवढा मोठा खेळ पूर्वी झालेला नाही. अशा प्रकरणावर मी काय शेरा लिहिला असता, हे वाचकांना सांगायला नको. सापकोव्स्कींनीही मनोमन तोच शेरा लिहिला. त्यांना नफ्यात टक्केवारी देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली आणि रक्कम एकदम रोख मागितली. त्यांना अनुभवही तसाच आला होता. नव्वदच्या दशकात दुसऱ्या एका कंपनीने याच कथांवर खेळ करायला घेतला होता, तो मध्येच बंद पडला. २००१ साली आलेला पोलिश चित्रपटही पडला. दोनदा तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मिळालेली रक्कम सुमारे ३५ हजार झ्लॉटी होती, असे पुढे प्रसिद्ध झाले. त्या काळच्या पोलंडमध्ये ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. पण पुढे जे घडले त्यापुढे ती चहापाण्याची ठरली.

पहिला खेळ २००७ साली आला, दुसरा २०११ साली. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा वॉर्साला आले, तेव्हा पोलंडच्या पंतप्रधानांनी त्यांना दिलेल्या भेटींमध्ये या दुसऱ्या खेळाची प्रत होती. सीडी विकणाऱ्या पोरांचा माल आता राष्ट्राची भेटवस्तू झाला होता.

मेलेल्या नायकाचे पुढे काय?

कादंबरीवर नाटक, चित्रपट किंवा मालिका होते तेव्हा सहसा तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते. या खेळांनी तसे केले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी गोष्ट पुढे नेली. (ज्यांना मालिका वाचायची आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडून जावे.)

शेवटच्या कादंबरीत गेराल्ट मरतो, तोही राक्षसाच्या हातून नाही. रिव्हिया शहरात दंगल पेटते. माणसे आपल्यापेक्षा वेगळ्या वंशाच्या शेजाऱ्यांची कत्तल करू लागतात. अलिप्त राहायचे, असे आयुष्यभर घोकणारा गेराल्ट मध्ये पडतो आणि एक पोरगेला दंगेखोर त्याच्या पोटात शेतातला दाताळा खुपसतो. त्याची प्रिया येनेफर त्याला वाचवताना कोसळते. सिरी दोघांना नावेत घालून धुक्यापलीकडच्या एका बेटावर नेऊन ठेवते आणि स्वतः दुसऱ्याच जगात निघून जाते. ते दोघे मेले की जगले, लेखक स्पष्ट सांगत नाही.

या संदिग्धतेच्या फटीतून खेळ आत शिरला. पहिल्या खेळाच्या आरंभी गेराल्ट जिवंत सापडतो, पण त्याची स्मृती गेलेली असते. कादंबरीकार म्हणून मला या युक्तीला दाद द्यावीशी वाटते. ज्याने पुस्तके वाचली नाहीत त्याला आणि गेराल्टला एकाच वेळी सगळे नव्याने कळत जाते. ज्याने वाचली आहेत तो गेराल्टपेक्षा जास्त जाणतो आणि मनात म्हणतो, 'अरे, तुला एक मुलगी होती!' पहिल्या खेळात सिरी आणि येनेफर दोघीही येत नाहीत. दुसऱ्यात स्मृती परतू लागते. तिसरा खेळ सारा सिरीच्या शोधाचा आहे. खेळ करणाऱ्यांनी मूळ लेखकाला पहिल्याच पावलाला नमस्कारही केला आहे: पहिला खेळ सुरू होण्यापूर्वी जी चित्रफीत दिसते, ती म्हणजे तीच १९८६ ची कथा, रात्र, शवपेटी आणि राजकन्या.

माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. वय अठ्ठावीस. त्याने आधी तिसरा खेळ खेळला, मग पुस्तके मागवली. मी उलट्या दिशेने आलो: आधी इंग्रजी भाषांतरे वाचली, मग गणपतीच्या सुट्टीत त्याच्या शेजारी खुर्ची टाकून खेळ पाहिला. कळा तो दाबत होता, सल्ले मी देत होतो. पहिल्याच दिवशी मी म्हटले, ''अरे, याच्या पाठीवर दोन तलवारी कशा? पुस्तकात तर चांदीची तलवार घोडीच्या सामानात गुंडाळलेली असते.'' तो म्हणाला, ''काका, समोर राक्षस आल्यावर घोडीपर्यंत पळत जायचं का? खेळणारा वैतागून खेळ बंद करेल.'' उत्तर चोख होते. पुस्तकात लेखक एका ओळीत तलवार हातात देतो. खेळात ती प्रत्यक्ष उपसावी लागते. घोडी मात्र दोन्हीकडे रोचच. एक मेली की गेराल्ट पुढच्या घोडीलाही तेच नाव देतो.

उंबऱ्याखाली पुरलेले मूल

तिसऱ्या खेळातला एक भाग कोणत्याही कादंबरीत नाही. तो खेळाच्या लेखकांचा स्वतःचा आहे. एका गढीत एक दारुडा सरदार आहे. त्याची बायको आणि मुलगी नाहीशा झाल्या आहेत, आणि त्यांना शोधून दिले तरच तो सिरीविषयी सांगणार. हळूहळू उलगडते, की त्याने मारहाण केली, बायकोचा गर्भ पडला, आणि त्या न जन्मलेल्या मुलीला त्याने नाव न ठेवता, संस्कार न करता पुरले. पोलिश लोकसमजुतीत असे मूल 'पोरोनिएत्स' नावाचे पिशाच्च होऊन गर्भार बायांना छळते. आता खेळणाऱ्यापुढे दोन वाटा. पिशाच्चाला मारून टाकायचे. काम काही मिनिटांत होते. किंवा सरदाराला त्या भेसूर पोराला उचलून घरापर्यंत न्यायला लावायचे, त्याच्याकडून तिला नाव ठेववून, क्षमा मागायला लावून, उंबऱ्याखाली पुरायचे. मग तेच भूत घराचे रक्षण करू लागते.

पुतण्याने दुसरी वाट घेतली. पावसात, अंधारात, तो आडदांड माणूस पोर छातीशी धरून चालला होता आणि आमच्या खोलीत कोणी बोलत नव्हते. चहा द्यायला आलेली माझी पत्नी दारातच थांबली. ''याला माफ करायचं का?'' असे तिने विचारले. खेळ त्याचे उत्तर देत नाही. सरदार बायकोला मारत होता हेही खरे, आणि आज तो रडतो आहे हेही खरे. सापकोव्स्कींच्या आरंभीच्या एका कथेचे नावच 'कमी दर्जाचे पाप' अशा अर्थाचे आहे. तिथे गेराल्ट दोन वाइटांतून एक निवडतो आणि बदल्यात गावकऱ्यांचे दगड खातो. त्या कथेचे बी या प्रसंगात उगवलेले आहे, जरी इथली एकही ओळ सापकोव्स्कींची नसली तरी. माझ्या लेखी मूळ कृतीशी इमान म्हणतात ते हेच.

दुसरे उदाहरण सिरीचे. खेळाच्या उत्तरार्धात ती सापडते आणि अधूनमधून असे प्रसंग येतात: ती खचून बसली आहे, तिला 'जाऊ दे, सगळ्यांत तरबेज असायलाच हवे असे नाही' म्हणून दारूचा पेला द्यायचा, की बाहेर नेऊन बर्फाचे गोळे मारत खेळायचे? एका महत्त्वाच्या बोलणीसाठी तिच्यासोबत आत शिरायचे, की तिला एकटीला जाऊ द्यायचे? संतापून ती एक खोली फोडू पाहते. तिला आवरायचे, की फोडू द्यायचे? त्या वेळी यात विशेष काही वाटत नाही. पण शेवटच्या संकटाला ती एकटी सामोरी जाते तेव्हा तिला हेच क्षण आठवतात. बापाने बहुतेक वेळा तिच्यावर विश्वास टाकला असेल तर ती परत येते. सारखे पंखाखाली धरले असेल तर येत नाही. खेळ आधी काहीच सांगत नाही. गुण दाखवत नाही, इशारा देत नाही. पुतण्याची सिरी पहिल्या वेळी परतली नव्हती. तो सांगत होता, ''काका, मी तिची काळजीच घेत होतो की!'' हे वाक्य मी अनेक बापांच्या तोंडून ऐकलेले आहे.

खेळाला न जमणारे

एवढे कौतुक केल्यावर दुसरा रकानाही भरायला हवा. मालिकेतल्या शेवटच्या कादंबरीत ब्रेन्ना नावाच्या ठिकाणी मोठी लढाई होते. युद्धाचे भवितव्य ठरवणारी ही लढाई लेखक बराचसा दाखवतो तो रणांगणामागच्या शस्त्रक्रियेच्या तंबूतून. तिथे एक बुटका शल्यविशारद आणि शानी नावाची वैद्यकीची विद्यार्थिनी, येतील त्या जखमींना शिवत बसले आहेत. कोण जिंकते आहे हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना दिसतात ती फक्त उघडी पोटे. शानी खेळांतही येते, गोड आहे. पण तो तंबू येत नाही. खेळणाऱ्याच्या हातात तलवार दिलेली असते आणि ती चालली पाहिजे.

आणखी एक. कादंबऱ्यांत गेराल्ट कित्येक प्रकरणे हजरच नसतो. तिकडे सिरी लुटारूंच्या टोळीत सापडून बिघडते, खुनाला सोकावते, चेहऱ्यावर जखम घेऊन दलदलीतल्या एका म्हाताऱ्या विद्वानाच्या झोपडीत पडते. आणि बाप दुसऱ्याच दिशेने, दुखरा गुडघा ओढत, चुकीच्या बातमीमागे चालत राहतो. तो उशिरा पोचणार हे वाचकाला कळत असते आणि काही करता येत नसते. हे 'काही करता न येणे' कादंबरीचे मोठे बळ आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या प्रत्येकाने ते अनुभवले आहे. खेळ म्हणजे काही तरी करणे. खेळणाऱ्याला नुसते हात बांधून पाहत बसायला लावणे त्याला फार वेळ परवडत नाही. म्हणून खेळातला गेराल्ट कमी बोलतो आणि जास्त जिंकतो. पुस्तकातला वाद घालतो, स्वतःवर चरफडतो, हरतो.

३५ हजार आणि ६ कोटी

आता पैशाचे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सापकोव्स्कींच्या वकिलांनी कंपनीकडे ६ कोटी झ्लॉटींहून अधिक रकमेची मागणी केली. आधार पोलिश स्वामित्वहक्क कायद्याच्या ४४ व्या कलमाचा: लेखकाला मिळालेला मोबदला आणि हक्क घेणाऱ्याला झालेला लाभ यांत ढळढळीत तफावत असेल, तर लेखक न्यायालयाकडे वाढीव मोबदला मागू शकतो. कंपनीने मागणी निराधार असल्याचे जाहीर केले, पण बोलणी चालू ठेवली. २० डिसेंबर २०१९ रोजी नवा करार झाल्याची घोषणा झाली; रक्कम गुलदस्त्यात राहिली. योगायोग असा, की नेटफ्लिक्सवरची 'द विचर' मालिका त्याच दिवशी सुरू झाली.

बँकेतला माणूस म्हणेल, जोखीम घेतली त्याला नफा; ज्याने रोख घेतली त्याने रोखीवर समाधान मानावे. करार झाला त्या दिवशीच्या अंधारात तो वाजवीच होता. माझ्यातला लेखक म्हणतो, जोखीम फक्त पैशाचीच असते का? आठ-दहा वर्षे नोकरी करून रात्री लिहिणे ही कोणती ठेव होती? मला ४४ व्या कलमातली युक्ती आवडते ती यासाठी, की ते करार मोडत नाही. ते एवढेच सांगते, की पीक अमाप आले तर बियाणे देणाऱ्याचाही विचार व्हावा. आपल्याकडेही लिहिणाऱ्यांनी माहीत करून घ्यावीत अशी कलमे आहेत. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क दिल्याच्या लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, जे माध्यम करारावेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क नाव घेऊन दिल्याशिवाय गेले असे मानता येत नाही. माझ्या एका कादंबरीसाठी पूर्वी एका निर्मात्याचा कागद आला होता: 'सर्व माध्यमे, सर्व भाषा, कायमचे'. मी मुदतीची जागा रिकामी का, एवढेच विचारले. ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. कादंबरी माझ्या कपाटात आहे, पण माझीच आहे.

पैशापेक्षा सापकोव्स्कींना दुसरे एक शल्य अधिक बोचले असावे. परदेशी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर खेळातली चित्रे छापली जाऊ लागली आणि पुस्तके खेळावरून लिहिलेली आहेत असा लोकांचा समज होऊ लागला. बाप मुलाच्या नावाने ओळखला जाऊ लागला! खेळांमुळे पुस्तके खपली, हे त्यांनी कधी मनापासून मानले नाही. आपल्या पुस्तकांमुळे खेळ चालला, असे ते म्हणत. 'मेट्रो २०३३' या कादंबरीचे रशियन लेखक द्मित्री ग्लुखोव्स्की यांनी त्यांना जाहीरपणे खोडून काढले. त्यांच्याही कादंबरीवर २०१० साली खेळ आला होता आणि परदेशात आपले नाव खेळाने पोचवले, असे ते मोकळेपणाने सांगतात. तारखा पाहिल्या तर पोलंडपुरते सापकोव्स्की खरे, बाहेरच्या जगात ग्लुखोव्स्की. पहिला संग्रह इंग्रजीत आला तो २००७ साली, पहिला खेळ आला त्याच वर्षी. आणि गेराल्ट-सिरी प्रथम भेटतात तो संग्रह, मूळचा १९९२ चा, इंग्रजी वाचकाला मिळाला २०१५ मध्ये, तिसऱ्या खेळाच्या वर्षी. वडील-मुलीची पहिली भेट वाचायला त्याला तेवीस वर्षे थांबावे लागले.

घरोघरच्या आईवडिलांसाठी एक व्यवहारी सूचना. तिसरा खेळ युरोपच्या वर्गीकरणात १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी आहे, आणि ते वर्गीकरण रास्त आहे; त्यात रक्त आहे, शृंगार आहे. नुसती मुख्य कथाच साधारण ५० तास घेते, तेव्हा परीक्षेच्या महिन्यात नकोच. पुस्तकेही लहानांची नाहीत. वाचायची तर दोन्ही कथासंग्रह आधी, मग कादंबऱ्या. घरात कोणी सज्ञान मुलगा किंवा मुलगी हे खेळत असेल तर एखादा रविवार शेजारी खुर्ची टाकून बसावे. 'कोणाला मारलेस?' असे न विचारता 'का सोडलेस?' असे विचारावे. गप्पांना चांगला विषय मिळतो, हा अनुभवाचा बोल.

२०२४ च्या नोव्हेंबरात, शहात्तरी गाठलेल्या सापकोव्स्कींची नवी कादंबरी पोलंडमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला गेराल्ट मिसरूड फुटलेला पोरगा आहे, नुकताच धंद्याला लागलेला, पहिल्याच कामात गोत्यात येणारा. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच कंपनीने चौथ्या खेळाची घोषणा केली. त्याची नायिका आहे सिरी, आता मोठी झालेली, बापाच्याच धंद्यात उतरलेली. म्हणजे लेखक आपल्या नायकाला घेऊन मागे गेला, त्याच्या कोवळ्या दिवसांत. आणि खेळवाले त्याच्या मुलीला घेऊन पुढे निघाले. दाताळ्याचा तो दिवस दोघांनीही आपापल्या परीने टाळला आहे. एवढ्या भांडणानंतर निदान एका बाबतीत दोघांचे एकमत दिसते: गेराल्टला मरू द्यायचे कोणाच्याही मनात नाही.